आठ नंबरची बदकं

जावयानं आपल्याला काहीतरी विचारावं, एवढी एकच इच्छा मारोतराव निखाड्यांच्या मनात साडेतीन वर्षांपासून होती. मानपान नको, तिकडची घड्याळं नकोत, नुसतं विचारावं. "बाबा, यंदा तिकडे उन्हाळा कसा आहे?" एवढं जरी कोणी विचारलं असतं, तरी मारोतरावांनी दुर्गपासून डोंगरगडपर्यंतच्या उन्हाळ्याची माहिती तारीखवार लिहून पाठवली असती. पण अरुणकुमार हा माणूस बोलण्याच्या बाबतीत भारीच काटकसरी निघाला. मुलगी पाहायला आला तेव्हा दोन तास बसला, दोन बशा पोहे खाल्ले आणि सगळे मिळून चार शब्द बोलला. त्यातले दोन 'नको' आणि 'बस' होते. पुढे लग्न झालं आणि ताराला घेऊन तो अमेरिकेला गेला. तिकडे ओहायो नावाच्या प्रांतात कुठल्याशा लहान गावी त्याची नोकरी होती. दर महिन्याला ताराचं पत्र यायचं, आणि पत्राच्या तळाशी, एका कोपऱ्यात, जावयाच्या अक्षरात 'सा. न. अरुण' असं असायचं. साष्टांग नमस्कार अख्खा लिहायलासुद्धा गड्याच्या जिवावर यायचं.

मारोतराव ते 'सा. न.' चष्मा लावून वाचायचे, मग चष्मा पुसून पुन्हा वाचायचे. पत्नी प्रेमलाबाई म्हणायच्या, पोरगा निर्व्यसनी आहे, पोरीला जपतो, आता आणखी काय त्याचं भाषण पाह्यजे? मारोतरावांना भाषण नको होतं. पण एकुलत्या एका पोरीचा नवरा, आणि आपली त्याची ओळख कोपऱ्यातल्या अडीच अक्षरांची, हे त्यांना लागायचं. ते कोणाला बोलून दाखवायचे नाहीत, एवढंच.

सत्त्याऐंशी सालच्या मार्चमध्ये पत्र आलं आणि तळाशी 'सा. न.' नव्हतं. त्याऐवजी चांगला परिच्छेद होता. "बाबा, तारा म्हणते, तुम्ही खदानीत पुढच्या महिन्यात किती माल निघणार ते आधीच सांगता आणि तुमचा आकडा कधी चुकत नाही. इथे येत्या एप्रिलच्या चौदा तारखेला बेसबॉलचा मोसम सुरू होतो. आमच्या गावचा संघ मागच्या वर्षी शेवटचा आला. यंदा काय होईल? कळवा."

मारोतरावांनी शब्द मोजले. एकोणचाळीस भरले. सोबत तिकडच्या वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, त्यात मागच्या वर्षीचा तक्ता.

आता इथे मारोतरावांचा धंदा सांगायलाच पाहिजे, नाहीतर ते एवढे का हुरळले ते कळणार नाही. दुर्गजवळ नेहरू नगरात शिवनाथ चुनखडी कंपनीचं ऑफिस होतं आणि मारोतराव तिथे नियोजन बाबू होते. कंपनीच्या अहिवाऱ्याकडे आठ खदानी. दर महिन्याच्या पंचवीस तारखेला मारोतराव 'पी-तीन' नावाच्या छापील फॉर्मवर आठ रांगा भरायचे. कोणत्या खदानीतून पुढच्या महिन्यात किती ट्रक चुनखडी निघणार, त्याचा हा अंदाज. अठरा वर्षं भरत होते. पहिल्या वर्षीचा एक महिना सोडला, तर अंदाज आणि प्रत्यक्ष यांत दोन-तीन ट्रकांच्या वर फरक पडला नव्हता. बाहेरचा कोणी पाहुणा आला की मॅनेजर साहेब त्याला यंत्रं दाखवायचे, मग मारोतरावांना दाखवायचे. ही विद्या कशी येते, असं कोणी विचारलं तर मारोतराव नुसतं हसायचे. खरं सांगायचं तर त्यांनाही माहीत नव्हतं. मागच्या वर्षीचा आकडा घ्यायचा, त्यात शेकडा पाच मिळवायचे, जरा वर छताकडे पाहायचं आणि लिहायचं. कोणत्याही खदानीचा आकडा मागच्या वर्षीपेक्षा कमी दाखवायचा नाही, हा कंपनीचा रिवाज. प्रगती ही झालीच पाहिजे.

आणि कात्रणातले संघ किती, तर मोजून आठ. मारोतरावांनी हात जोडले.

अडचण एवढीच, की बेसबॉल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं. पत्र जायला सोळा-सतरा दिवस लागतात. म्हणजे पंचवीस-सव्वीस मार्चच्या आत उत्तर टपालात पडलं तरच ते खेळ सुरू व्हायच्या आधी पोचणार. हातात अकरा दिवस. खेळ सुरू झाल्यावर पोचलेला अंदाज हा अंदाज नसतो, ती बातमी असते, आणि बातम्यांसाठी जावयाला सासऱ्याची गरज नव्हती.

शेजारी गुलाबराव राहायचे. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेले. कुठल्याही विषयाचं अज्ञान त्यांना नव्हतं, निदान कबूल नव्हतं. बत्तीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यातून देश पाहिलेला माणूस, बेसबॉल त्याच्या नजरेतून कसा सुटेल? त्यांनी सांगितलं, मारोतराव, हे घाईच्या लोकांचं क्रिकेट आहे. मारणारा चेंडू मारतो, बॅट टाकून देतो आणि पळत सुटतो. चार स्टेशनं असतात. स्टेशनावर उभा आहे तोवर कोणी काही करू शकत नाही, पण दोन स्टेशनांच्या मधात सापडला की गेला. चारी स्टेशनं करून जिथून निघाला तिथंच परत आला, की एक गुण. समोरचे भैयालाल वर्मा, ज्यांचं सायकलचं दुकान होतं, ते म्हणाले की असं ऐकीव माहितीवर जाऊ नका, पुस्तक पाहा.

म्हणून मारोतराव कॉलनीच्या वाचनालयात गेले. तिथे इंग्रजी ज्ञानकोशाचे मोठे मोठे भाग काचेच्या कपाटात होते आणि कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे होती आणि सेक्रेटरी लग्नाला रायपूरला गेले होते. चौथ्या दिवशी ते आले. त्यांनी अर्ज मागितला. अर्जात 'कारण' असा रकाना होता; मारोतरावांनी 'जावई' असं लिहिलं. त्यावर सेक्रेटरींनी दोन मिनिटं विचार केला आणि कपाट उघडलं. 'बी'चा भाग निघाला, बेसबॉल सापडला, आणि पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की या खेळाचं मूळ समजण्यासाठी दुसरा अमुक खेळ पाहावा, भाग 'आर'. भाग 'आर' चौऱ्याहत्तर साली कोणी तरी घरी नेला होता आणि तो मेंबर पुढे बदलून बोकारोला गेला. मारोतरावांनी पुढचा मजकूर वाचायचा प्रयत्न केला, पण मूळच न समजता पुढचं वाचणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

शेवटी गुलाबरावांनीच ठरवलं की रविवारी सकाळी प्रत्यक्ष खेळून पाहायचं. बॅट म्हणून प्रेमलाबाईंची कपडे धुवायची मोगरी. चेंडू रबराचा. पहिलं स्टेशन हातपंप, दुसरं विजेचा खांब, तिसरं भैयालालांची उभी स्कूटर. घर म्हणून निखाड्यांच्या फाटकासमोरची बाज धरली, कारण तिथे सावली होती. बाजेवर काय आहे याकडे पुरुषांचं लक्ष गेलं नाही. मार्चचा महिना, घरोघरच्या बाया वाळवण घालत होत्या, तर बाजेवर काय असणार? मुगाच्या वड्या होत्या.

भैयालालांनी चेंडू टाकला. मारोतरावांनी डोळे मिटून मोगरी फिरवली, आणि ती लागली. चेंडू कुठे गेला हे त्यांनी पाहिलंच नाही, ते पळाले. छप्पन्न वर्षांचा माणूस धोतराचा सोगा हातात धरून हातपंपाला शिवून खांबाकडे निघाला, तेव्हा घरांची सगळी लाइन फाटकाशी आली. खांबाशी गुलाबराव उभे होते. त्यांनी जुन्या सवयीनं हिरवा रुमाल दाखवला. मारोतराव थांबणार होते ते थांबले नाहीत. स्कूटर पडली. मागून भैयालाल स्कूटरसाठी ओरडले, मारोतरावांना वाटलं आपल्याला उत्तेजन देऊन राहिले, आणि त्यांनी होता नव्हता तेवढा जोर करून घर गाठलं आणि वड्यांवर बसले.

प्रेमलाबाईंनी मोगरी उचलून आत नेली. पुढचे तीन दिवस भाजीत वड्या होत्या आणि त्या सगळ्या चपट्या होत्या. पण मारोतरावांना त्या दिवशी खेळ समजला. धापा टाकत बाजेवर बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं की घरून निघायचं, दुसऱ्यांची ठिकाणं करत करत जायचं, आणि घरी परत आलो तरच मोजणार, असा हा खेळ आहे. त्यांना ताराची आठवण आली. मग त्यांनी धोतर झटकलं.

आता अंदाज. तक्ता त्यांनी समोर ठेवला. एकेका संघाचे एकशे चाळीस सामने. संघांची नावं तऱ्हेवाईक होती. एक मधमाश्यांचा संघ, एक कुंभारांचा, एक लाल टोप्यांचा. सगळे पगार घेऊन खेळणारे. अरुणकुमारच्या गावचा संघ बदकांचा, आणि तो आठव्या रांगेत होता. मागच्या वर्षी बदकं शेहेचाळीस जिंकली, चौऱ्याण्णव हरली. चौऱ्याण्णव वेळा हरूनही ही बदकं यंदा पुन्हा खेळायला उभी राहणार, याचं मारोतरावांना मोठं नवल वाटलं. हे लोक खुलासा कोणाला देतात? यांना कोणी विचारत नाही का? ते दोन दिवस याच विचारात होते.

घरी साध्या कागदावर काही केल्या आकडा सुचेना. अठरा वर्षांची सवय. पी-तीन समोर नसला की डोकं चालायचं नाही. म्हणून चोवीस तारखेला जेवायच्या सुट्टीत त्यांनी ऑफिसात कोरा पी-तीन घेतला, तीन प्रती टाकल्या आणि टाइप केलं. संघांची नावं टाइप करायची लाज वाटली, तर नुसते एक ते आठ नंबर घातले. मागच्या वर्षी जिंकलेले, त्यात शेकडा पाच, छताकडे पाहिलं, लिहिलं. आठ नंबर: अठ्ठेचाळीस. आणि डबा धुवायला नळावर गेले.

परत आले तर ट्रे रिकामा. चपराशी हिरालाल दोन वाजताचं टपाल घेऊन वर गेला होता. खदानींचा खरा पी-तीन टीपकागदाखाली सुखात पडला होता आणि बदकं मॅनेजर साहेबांच्या टेबलावर गेली होती.

माणसानं काय करावं? वर जाऊन सांगावं, की साहेब, तुमच्यासमोर खदानी नाहीत, अमेरिकेतले खेळाडू आहेत? मारोतराव दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. चार वाजता कागद खाली आला. सही होती, शिक्का होता, आणि आठव्या रांगेपुढे लाल शाईत लिहिलं होतं: 'आकडा कमी वाटतो. वाढवावा. ५२.' एक प्रत फायलीला, एक इथे, आणि तिसरी, हिरालालनं आनंदानं सांगितलं, जीपनं अहिवाऱ्याला गेली.

तीनशे-चारशे ट्रकांच्या खदानींना आता पन्नास-शंभर ट्रकांचे आकडे गेले होते, आठ नंबरला तर बावन्नच. महिन्याच्या शेवटी तीनशेच्या तीनशे निघणार आणि अठरा वर्षांचं नाव एका फटक्यात मातीत जाणार, हे मारोतरावांना स्वच्छ दिसलं. आणि त्याहीपेक्षा वाईट म्हणजे, ज्याच्या आकड्यांची कीर्ती अमेरिकेपर्यंत गेली त्याचेच आकडे गेले, तर जावयाला कोणत्या तोंडानं लिहायचं? रात्रभर... नाही, झोपले ते, पण कूस बदलत झोपले.

सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते पावर हाउसच्या स्टँडवरून अहिवाऱ्याची बस धरून गेले. खऱ्या पी-तीनची प्रत खिशात. खदानीच्या कचेरीत मुन्शी धोंडबा होता. गेली कित्येक वर्षं आकडे पाठवायचे ते याच धोंडबाला, पण जागेवर मारोतराव कधी आले नव्हते. नियोजन बाबूला खदान पाहायची गरज काय? धोंडबानं खुर्ची पुसली, पाणी दिलं, खरी प्रत ठेवून घेतली, आणि कागद चुकून गेला होता हे ऐकल्यावर त्याला काहीच वाटलं नाही.

"आमाले वाटलं, साहेब लोकांनी यंदा आराम द्यायचा ठरवला असंन," तो म्हणाला. "काही हरकत नोहोती बाबूजी. बावन्न तर बावन्न. बावन्न करून टाकलं असतं."

मारोतरावांना कळेना. खदानीत तीनशे ट्रक निघत असताना बावन्न कसे करणार?

धोंडबानं त्यांच्याकडे जरा कौतुकानं पाहिलं. मग त्यानं सांगितलं, अगदी प्रेमानं. मारोतरावांच्या पहिल्याच वर्षी तीन नंबरच्या खदानीत आकड्यापेक्षा तीस ट्रक कमी निघाले होते. त्यावर वरून खुलासा मागितला गेला, तीन प्रतींत. तेव्हाचा मुन्शी बिचारा चौथी शिकलेला, तो आठवडाभर जेवला नाही. तेव्हापासून खदानीवाल्यांनी ठरवलं की बाबूजींचा आकडा चुकू द्यायचा नाही. जास्त माल निघाला की मागे ढिगावर टाकायचा, कमी पडला की ढिगातून उचलायचा, आणि महिन्याच्या शेवटी कागदावर लिहिलं असेल तेवढेच ट्रक दाखवायचे. दोन-तीनचा फरक मुद्दाम ठेवायचा, नाहीतर कोणाला शंका येईल.

"तुमचा आकडा चुकला का खुलासा आमाले द्या लागते," धोंडबा म्हणाला. "मंग चुकू कावून देऊ?"

आणि तो मारोतरावांना मागे घेऊन गेला. मागे टेकडी होती. मारोतराव बाजूची नैसर्गिक टेकडी समजले असते, कारण तिच्यावर बोराची झुडपं उगवली होती, चार बकऱ्या चरत होत्या आणि पायथ्याशी कोणी शेंदूर फासलेला दगड ठेवला होता. पण ती चुनखडी होती. मारोतराव पडले सावध माणूस, शेकडा पाचच्या वर जायचे नाहीत, आणि खदानी बहुतेक त्याहून जास्त द्यायच्या, म्हणून कमी पडायचं कमी आणि उरायचं जास्त. अठरा वर्षांच्या सगळ्या चुका तिथे एकावर एक रचून ठेवल्या होत्या.

"आमी याले बाबू टेकडी म्हणतो," धोंडबा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

मारोतरावांनी टेकडीला हात लावून पाहिला. मग त्यांनी हळूच विचारलं की मग खरा आकडा किती असतो. एवढ्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"खरा कोन मोजते, बाबूजी?" तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये मारोतरावांना रडू यायला पाहिजे होतं. अपमान तर झालाच होता, आणि असा, की कोणावर रागावताही येऊ नये. पण बस नंदिनी गावाच्या पुढे आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपण रडत नाही आहोत, आपण विचार करत आहोत. तीन नंबरमधून खरंच किती निघत असेल? आणि बदकांचं काय? त्यांच्यामागे तर कोणी धोंडबा नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एखादा आकडा माहीत नव्हता आणि तो माहीत नाही हे माहीत होतं. आणि ते वाईट वाटत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी प्रेमलाबाईंना सगळं सांगितलं आणि शिक्क्याचा कागद पुढे टाकला. प्रेमलाबाईंनी तो तांदूळ निवडता निवडता पाहिला. वड्यांनंतर त्या या विषयावर पहिल्यांदाच बोलल्या.

"मले एक सांगा. एक जिंकला म्हंजे एक हरते ना? तुमच्या कागदावर आठच्या आठ मागच्या वर्षीपेक्षा जास्त जिंकून राहिले. मंग हरून कोन राहिलं?"

मारोतरावांनी कागद हातात घेतला. पुन्हा पाहिला. शेकडा पाच, आठही ठिकाणी. कंपनीत अठरा वर्षं सगळ्यांचीच प्रगती होत आली होती आणि त्यापायी कोणाचं काही कमी व्हावं लागतं हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. या बाईला एका नजरेत दिसलं. एका दिवसात एवढं पुरे झालं, असं म्हणून ते चूळ भरायला उठले.

दुसऱ्या दिवशी सव्वीस तारीख होती. गुलाबरावांचं मत पडलं की काहीतरी ठोकून द्या, जावयाला सासरा चुकला हे कळायला सप्टेंबर उजाडेल. प्रेमलाबाई म्हणाल्या, खरं लिहा. मारोतरावांनी पोस्टातल्या बाकावर बसून चार पानं लिहिली. वड्यांपासून टेकडीपर्यंत सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं: "सोबतचा कागद साहेबांनी मंजूर केलेला आहे, तरी त्यावर विश्वास ठेवू नये. बदकं किती सामने जिंकतील ते मला माहीत नाही. खदानीचंही मला कधीच माहीत नव्हतं, हे काल कळलं. परंतु जाणून घेण्याची इच्छा फार आहे. निकाल कळवावेत." पाकीट पेटीत टाकलं आणि मग त्यांना वाटलं की आपण काय करून बसलो. जावयाजवळ आपली एवढी एकच इभ्रत होती, ती तीस ग्रॅम कागदात गुंडाळून आपण स्वतःच्या हातानं पाठवून दिली.

एप्रिल गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात ताराचं पत्र आलं. मारोतरावांनी आधी तळ पाहिला. कोपऱ्यात काही नव्हतं. 'सा. न.' सुद्धा नाही. त्यांनी पत्र उलटं करून पाहिलं, पाकिटात फुंकर मारून पाहिली. ताराचं सगळं कुशल होतं. मारोतराव त्या दिवशी जेवले, पण वाढलं तेवढंच जेवले. प्रेमलाबाईंनी आणखी आग्रह केला नाही.

तिसऱ्या दिवशी दुसरं पाकीट आलं. ते जाड होतं, आणि त्यावर पाठवणाऱ्याचं नाव अरुणकुमार असं होतं. आत सात पानं होती आणि कात्रणं वेगळी. जावयानं लिहिलं होतं की वड्यांचा भाग त्यानं ताराला दोनदा वाचून दाखवला. पहिल्या आठ सामन्यांत बदकं सहा हरली, आणि ती प्रत्येक वेळी कशी हरली ते त्यानं चित्रं काढून समजावलं होतं. चार स्टेशनं काढली होती, गुलाबरावांच्या पद्धतीनं. पुढं दर आठवड्याला पाकीट. सगळी लाइन निकालाची वाट पाहू लागली. निकाल तीन आठवडे शिळा असायचा, पण नेहरू नगरात तो ताजाच होता. गुलाबराव फाटकाशी पाटीवर लिहायचे, आणि भैयालाल स्कूटर विसरून बदकांसाठी हळहळायचे. बोलायला संकोचणारा माणूस लिहायला असा मोकळा असतो, हे मारोतरावांना बासष्ट पानं झाल्यावर पटलं.

सप्टेंबरात मोसम संपला. बदकं एकतीस जिंकली. पुन्हा शेवटची, आणि मागच्या वर्षीपेक्षाही वाईट. ऑफिसात मात्र आठही खदानी अंदाजाप्रमाणे चालल्या होत्या. मारोतरावांनी धोंडबाला एकदा सुचवून पाहिलं होतं की एखाद्या महिन्यात खरं मोजून तर पाहू. धोंडबा म्हणाला, बाबूजी, तुमी दोन वर्षांनं रिटायर होसान, आमाले इथंच राहा लागते.

डिसेंबरात तारा आणि अरुणकुमार आले. दुर्ग स्टेशनवर जावई पाया पडला आणि काही बोलला नाही. टेम्पोत काही बोलला नाही. घरी चहा घेताना 'बस' म्हणाला. मारोतरावांनी तिकडच्या थंडीविषयी विचारलं तर मान हलवली. मारोतरावांचं मन खट्टू झालं. त्यांना वाटलं, ती पानं कागदापुरतीच होती. समोर आल्यावर आपण पुन्हा कोपऱ्यातलेच. रात्री त्यांनी तसं प्रेमलाबाईंना म्हटलंही.

सकाळी अरुणकुमार बूट घालून दारात उभा होता.

"बाबा, टेकडी," तो म्हणाला.

दोघं बसनं अहिवाऱ्याला गेले. धोंडबानं दोन खुर्च्या पुसल्या, पण अरुणकुमार बसला नाही, सरळ मागे गेला. टेकडीच्या पायथ्याशी उभं राहून त्यानं खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. शिक्क्याचा पी-तीन होता तो. घड्यांवर फाटत आलेला, पाठीमागे निकालांच्या खुणा केलेल्या. त्यानं लाल शाईतल्या बावन्नवर बोट ठेवलं, मग मागच्या एकतीसवर. मग वाकून चुनखडीचा एक दगड उचलला आणि ढिगावर ठेवला.

"एक," तो म्हणाला.

दुसरा उचलला. "दोन."

धोंडबाला आधी समजलं. त्यानं टोपी नीट केली आणि बकऱ्या बाजूला हाकलल्या. मारोतराव मात्र तसेच उभे राहिले. आठाला त्यांनी चष्मा पुसला. बारा झाल्यावर तेही वाकले आणि जावयाच्या हातात दगड देऊ लागले. एकेक शब्द, खणखणीत, समोरासमोर, बावन्न वजा एकतीस म्हणजे एकवीसपर्यंत. अठरा वर्षांत त्या टेकडीवर पडलेली ही पहिली चूक होती, जी कोणी लपवायला आणली नव्हती.

"आता बराबर झालं," धोंडबा म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

अरुणकुमारनं हात झटकले. टेकडीकडे पाहिलं, मारोतरावांकडे पाहिलं, आणि घसा साफ केला.

"बाबा, पुढच्या वर्षी बदकांचं काय होईल?"

मारोतरावांनी एक सपाट दगड पाहून त्यावरची धूळ पुसली, जावयाला बसवलं, आणि स्वतः शेजारी बसले. उत्तर एवढंच होतं की मले माहीत नाही. पण ते नीट समजावून सांगायला त्यांना अडीच तास लागले, आणि दुपारची बस गेली.